बर्फाखालचा मासा: आमिष कोणतं घ्यायचं आणि हात कसा चालवायचा

दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग... बडोद्याच्या मराठी घरांतून दर वर्षी मुलंमुली कॅनडाला शिकायला जातात आणि त्यातली बरीच ऑन्टॅरियोतच उतरतात. सप्टेंबरात कॉलेज सुरू होतं, डिसेंबरात तळी गोठायला लागतात आणि जानेवारीत वर्गातला किंवा कामावरचा कोणीतरी विचारतो, येतोस का बर्फावर मासे धरायला? मग दुकानात जावं, तर भिंतभर आमिषं टांगलेली. चमकते चमचे, प्लॅस्टिकचे मासे, मोहरीएवढे रंगीत मणी, अंधारात चकाकणाऱ्या नळ्या. मी सिमको तळ्याकाठी बॅरी गावात काही हिवाळे काढले आणि आता परत बडोद्यात आहे. व्हिसा हातात पडला की भाचेमंडळी येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "मामा, सांगा ना, पहिल्यांदा काय घेऊ?" तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

नवशिक्या दोन गोष्टी हमखास जास्त करतो. आमिषं जास्त विकत घेतो आणि हात जास्त हलवतो. आमिष हललं की मासा बघायला येतो, ते थांबलं की तोंड उघडतो. कोणत्या माशासाठी किती हलवायचं आणि किती वेळ थांबायचं, एवढंच शिकायचं आहे. एका माशाच्या बाबतीत हा नियम पार उलटा होतो, ते पुढे येईलच.

आधी बर्फ

माशाचं नंतर. स्वच्छ, काळसर, आरपार दिसणारा बर्फ 10 सेंटिमीटर जाड असला तर एका माणसाचं वजन पेलतो, असं अनुभवी लोक धरतात. कॅनडाची रेड क्रॉस मात्र एकट्याने चालायलासुद्धा 15 सेंटिमीटर सांगते. नव्या माणसाने 15 च धरावेत. स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीला, 25 लागतात. पांढरा, दुधी बर्फ ओल्या हिमातून झालेला असतो आणि त्याची ताकद साधारण निम्मी असते, म्हणून तिथे जाडी दुप्पट हवी. नदी तळ्याला मिळते ती जागा, पुलाखालची जागा, झऱ्यांची जागा आणि बर्फाला लांबलचक तडा गेलेली जागा, या चारही ठिकाणांपासून लांब राहायचं. तळं सगळीकडे सारखं गोठत नाही.

हातात पहार ठेवा. लोखंडी पहार पुढे आपटत जायचं आणि एका-दोन घावांत ती आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरायचं. गळ्यात बर्फाचे टोचे अडकवा. दोन मुठी, त्यांना खिळ्यांची टोकं आणि मधे दोरी, असा तो साधा प्रकार असतो. पाण्यात पडलात तर ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला आत्तापर्यंत पेललेलं असतं. टोचे रोवा, पाय झाडत अंग वर ओढा, उभे न राहता लोळत लांब जा आणि 911 लावा. एकट्याने जाऊ नका. तंबूत गॅसची शेगडी लावली तर वरची झडप उघडी हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कपड्यांत सुती काहीही नको, जीन्स तर नकोच. ओली झाली की अंगावरच कडक होते. आणि दारूबंदीतून सुटलेल्या आपल्या गुजरातच्या पोरांना एक सांगणं: घोटाने ऊब आल्यासारखी वाटते खरी, पण कातडीकडे रक्त जास्त धावतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि खिशात तिळाची चिक्की न्या.

पहिल्या वेळी सिमकोवर भाड्याची झोपडी घ्या, हे माझं ठाम मत. झोपडी चालवणारे लोक तुम्हाला बर्फावर नेतात, आत शेगडी असते, भोकं पाडलेली असतात आणि खोली किती, मासे कुठे, हे ते सांगतात. गाडी नसेल तर टोरंटोहून गो ट्रेनच्या बॅरी मार्गावर शेवटचं स्टेशन अलंडेल वॉटरफ्रंट. उतरलात की समोर केम्पनफेल्ट बे, सिमको तळ्याचाच एक फाटा.

परवाना ऑनलाइन मिळतो. 18 ते 64 वयाला तो लागतोच, सोबत आउटडोअर्स कार्ड. फी तुम्ही कुठले रहिवासी यावर ठरते. ऑन्टॅरियोचे रहिवासी म्हणवून घ्यायला आधीच्या 12 महिन्यांत सलग 6 महिने तिथे राहिलेलं असावं लागतं, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात हे नीट वाचून भरा. स्पोर्ट आणि कन्झर्व्हेशन असे दोन प्रकार आहेत. दुसरा स्वस्त, पण त्यात कमी मासे ठेवता येतात. नवख्याला तो पुरून उरतो. कोणता मासा कधी बंद आणि किती ठेवायचे, हे प्रत्येक विभागात वेगळं असतं. ते दर वर्षी सरकारी पुस्तिकेत बघायचं, मित्राच्या तोंडच्या माहितीवर जायचं नाही.

खाली काय चाललेलं असतं

पाणी 4 अंशाला सगळ्यात जड असतं. म्हणून हिवाळ्यात थंड पाणी वर आणि त्यातल्या त्यात उबदार पाणी तळाशी, असा उलटा प्रकार होतो. माशाच्या अंगाची उष्णता पाण्याइतकीच, त्यामुळे त्याचं पचन मंदावलेलं असतं आणि भूक कमी असते. मोठा पाठलाग करून थोडंसं खायला मिळणार असेल तर बहुतेक मासे तसदीच घेत नाहीत. म्हणून उन्हाळ्यापेक्षा लहान आमिष, बारीक दोरी आणि जास्त थांबा. अळ्या किंवा छोटा मासा असा चारा लावता येतो, पण ऑन्टॅरियोत जिवंत चारा एका विभागातून दुसऱ्या विभागात नेण्यावर बंधनं आहेत आणि उरलेला तळ्यात ओतणं गुन्हा आहे. सुरुवातीला कृत्रिम आमिषावरच भर द्या, डोक्याला ताप कमी.

काठी आणि दोरी

बर्फावरची काठी 24 ते 36 इंची असते, कारण तुम्ही भोकाच्या डोक्यावरच बसलेले असता. पर्चसाठी मऊ शेंड्याची, लेक ट्राउटसाठी कडक (हे मासे कोणते, ते पुढे येतं). एकच घ्यायची तर 28 इंची मिडियम-लाइट. दोरी म्हणजे तंगूस पर्चला 4 पौंडी (म्हणजे साधारण तेवढा ताण पेलणारी), वॉलआयला 6 ते 8, लेक ट्राउटला 8 ते 12. विणलेली दोरी पाणी शोषते आणि उघड्यावर गोठून काठीच्या कड्यांत अडकते, ती उबदार झोपडीतच वापरा. आमिषाच्या हातभर वर एक छोटं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, बांधा. चमचा फिरत खाली जातो आणि स्विव्हल नसलं तर तासाभरात दोरीला पीळ पडतो. मग आमिष थांबलं असं तुम्हाला वाटतं, पण खाली ते गोल गोल फिरत असतं, आणि असं आपोआप फिरणारं खाणं माशाने कधी पाहिलेलं नसतं.

भोक पाडायला ऑगर, म्हणजे आपलं मोठं गिरमिट. 8 इंची पातं बहुतेक माशांना पुरतं. कडेचे बर्फाचे तुकडे काढायला झारा लागतो आणि तो भोकाजवळच ठेवायचा, कारण उणे 15 मध्ये दर दहा मिनिटांनी वर साय धरते. काठीच्या कड्यांत बर्फ साचला तर हाताने तोडू नका. काठी क्षणभर पाण्यात बुडवा, तो सुटतो.

आमिषांचे पाच प्रकार

चमचा. पितळ किंवा पोलादाची चमकती पट्टी, खाली तीन काट्यांचा गळ. जाड अरुंद चमचा सरळ आणि वेगात खाली जातो, खोल पाण्याला तो बरा. पातळ रुंद चमचा डुलत, वाट सोडत उतरतो आणि लांबून दिसतो. मिशिगनमध्ये बनणारं स्वीडिश पिंपल पहिल्या प्रकारातलं, कॅनडाचे विल्यम्सचे चमचे दुसऱ्या. काहींच्या पोटात खुळखुळा असतो. गढूळ पाण्यात तो उपयोगाचा, काचेसारख्या पाण्यात कधी कधी मासा बिचकतो.

पोहणारा मासा. फिनलंडच्या रापालाचं जिगिंग रॅप हे याचं नावाजलेलं उदाहरण. भरीव अंग, दोन टोकांना एकेक काटा, पोटाला तीन काट्यांचा गळ, शेपटीला प्लॅस्टिकचं पातं आणि दोरी बांधायची कडी पाठीवर. झटका दिला की ते एका बाजूला सुटतं आणि वळसा घेऊन परत भोकाच्या बरोबर खाली येतं. ते परत येऊन स्थिर होईपर्यंत पाच सेकंद जातात, तेवढी द्यावी लागतात.

ट्यूब. मऊ प्लॅस्टिकची पोकळ नळी, मागे झालर, आत वजन असलेला गळ. खाली जाताना गिरक्या घेते.

टंगस्टनचा जिग, म्हणजे धातूचं जड डोकं असलेला गळ. बारीक मण्याएवढा. टंगस्टनची घनता पाण्याच्या 19.3 पट आणि शिशाची 11.3 पट, म्हणून तेवढ्याच वजनात आकार बराच लहान होतो आणि तो चटकन तळाला जातो. महाग असतो. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत 50 ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजनं आणि जिग चालत नाहीत, तिथे टंगस्टनला पर्याय नाही.

आणि पाचवा, ओठ नसलेला चपटा खुळखुळणारा मासा, जो उचलला की सगळा थरथरतो. हा पहिल्या वर्षी नाही घेतला तरी चालेल.

वजनं औंसात लिहिलेली असतात. 1/8 औंस म्हणजे साडेतीन ग्रॅम, 1/4 म्हणजे सात. वजन निवडायचा ढोबळ नियम असा की आमिष तळाला टेकल्याचं बोटाला कळलं पाहिजे. ते कळत नसेल तर जड घ्या, कळत असेल तर त्याहून जड घेऊ नका.

हात

उत्तरायणात गच्चीवर ज्याने पतंग उडवला आहे त्याला निम्मं काम येतंच. ठुमकी देताना मनगट हलतं, कोपर जागेवर राहतं आणि ठुमकीनंतर लगेच ढील मिळते. इथेही तसंच. फरक ढिलीच्या मापात आहे. चमचा खाली सोडताना दोरी पूर्ण सैल पडली तर माशाने तोंड लावलेलं कळत नाही आणि ताणून धरली तर चमचा डुलतच नाही. काठीचं टोक आमिषाच्या मागोमाग, त्याच्यापेक्षा जरासं पुढे, खाली आणायचं. हे शब्दांत नीट बसत नाही. भोकाशी वाकून आमिष दोन फुटांवर बघत हात चालवा, दहा मिनिटांत जमतं. बडोद्यात आहात तोवर गच्चीवरच्या टाकीत एखादा चमचा सोडून बघा. विश्वामित्रीकाठी मात्र सराव नको, मगरी आहेत.

आता क्रम. आधी खोली मोजा. गळाला छोटं वजन अडकवून तळापर्यंत सोडा, दोरी सैल पडली की तिथे तळ. मग आमिष तळाच्या वीतभर वर आणा. पहिल्यांदा दोन-तीन मोठ्या उचली द्या, प्रत्येक दोन-तीन फुटांची, म्हणजे लांबच्या माशाला चमक दिसेल. मग आमिष जागेवर येऊ द्या आणि हात पूर्ण थांबवा, पाच ते दहा सेकंद. मग जागच्या जागी बारीक थरथर. मग परत थांबा. एवढंच आळीपाळीने करायचं. मधूनच आमिष तळावर दोनदा ठोका, गाळाचा छोटा ढग उठतो आणि तळाशी चरणारे मासे चौकशीला येतात.

मासा बहुतेक वेळा आमिष खाली जाताना किंवा थांबलेलं असताना घेतो. हिसका येईल म्हणून वाट बघत बसलात तर निम्मे मासे जातील. वीस फूट खाली जाणारी दोरी बाराव्या फुटाला थांबली तर खाली मासा आहे. टांगलेलं आमिष एकदम हलकं वाटलं, तर तो ते तोंडात घेऊन वर आला आहे. दोन्ही वेळी लगेच मनगटाने उचल द्यायची.

पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही झालं तर लोक आमिष बदलतात. मी म्हणतो, आधी भोक बदला. मासा खाली असून खात नसेल तर आमिषाचा प्रश्न. खाली मासाच नसेल तर अख्खं दुकान उतरवून उपयोग काय?

मासा बघून

पर्चपासून सुरुवात करा. पिवळं अंग, उभे गडद पट्टे, टोळीने फिरणारा आणि दिवसाउजेडी खाणारा. सिमकोच्या दक्षिणेला कुक्स बे उथळ आणि वनस्पतींचा आहे, तिथे आणि इतरत्रही तो मिळतो. 1/16 ते 1/8 औंसाचा चमचा, लांबी दोन ते चार सेंटिमीटर, किंवा टंगस्टनवर मऊ प्लॅस्टिकची अळी. पर्चला आमिष तळापासून वीतभराच्या आत लागतं. तळ ठोका, उचला, थांबा. थांबा छोटा, तीन-चार सेकंदांचा.

पर्चची ओढ फार बारीक असते आणि ती हाताला नव्हे, डोळ्याला कळते. काठीच्या शेंड्याला स्प्रिंगची नाजूक पट्टी लावतात, स्प्रिंग बॉबर म्हणतात तिला. आमिषाच्या वजनाने ती किंचित वाकलेली असते. तुम्ही हात थांबवता, पट्टी हलायची थांबते, वाऱ्याने तिच्यावरचा हिमाचा कण पडतो. आणि मग काहीही न ओढता ती सरळ होते. एवढंच. खाली पर्चने आमिष तोंडात घेऊन वर उचललेलं असतं आणि त्याला ते धातूचं आहे हे कळायला क्षणही लागत नाही. थुंकायच्या आत उचला. एक लागला की त्याला पटकन काढून आमिष परत खाली पाठवा, टोळी फार वेळ थांबत नाही. इथे तीन काट्यांपेक्षा एकच काटा असलेला गळ बरा, काढायला वेळ जात नाही.

वॉलआयचं तंत्र वेगळं. त्याच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून अंधुक उजेडात त्याला इतरांपेक्षा चांगलं दिसतं आणि तो पहाटे नि संध्याकाळी शिकारीला निघतो. दुपारी बसून कंटाळू नका. सूर्य मावळायच्या आधीचा तास आणि नंतरचा अर्धा तास, हे धरा. ऑन्टॅरियोत बे ऑफ क्विंटी आणि निपिसिंग तळं यासाठी प्रसिद्ध आहेत, मॅनिटोबात गेलात तर विनिपेग तळं. आमिष 1/4 औंसाचा चमचा किंवा जिगिंग रॅपचा 5 किंवा 7 नंबर, तळापासून एक-दीड फूट वर. सोनेरी, गुलाबी, हिरवट पिवळा.

वॉलआय येतो आणि बघत उभा राहतो. मासा आला म्हणून नवखा उत्साहाने आणखी जोरात उचकतो आणि तो निघून जातो. याच वेळी हात लहान करायचा. पूर्ण थांबा, मग टोक थरथरेल एवढंच हलवा, मग बोटभर वर घ्या. तो मागे वर आला तर आणखी बोटभर. दोन-तीनदा असं वर खेचत नेलं की बऱ्याचदा घेतो. चमच्याच्या एका काट्यावर छोट्या माशाचं डोकं टोचलं तर वासाने आणखी मदत होते. विनिपेगसारख्या गढूळ पाण्यात मात्र खुळखुळणारं मोठं आमिष आणि जोरदार उचल हेच चालतं, तिथे नाजूकपणा दाखवून मासा तुम्हाला शोधणार कसा?

लेक ट्राउट. नियम उलटा होतो तो इथे. केम्पनफेल्ट बेमध्ये खोली 40 मीटरच्या आसपास जाते आणि हा मासा तळापासून मधल्या पाण्यापर्यंत कुठेही फिरतो. त्याला थंडीचं काही नाही, हिवाळा हाच त्याचा मोसम. चार इंची पांढरी ट्यूब, आत 1/4 ते 1/2 औंस वजन. तळापर्यंत सोडा, चार-पाच मोठ्या उचली द्या आणि मग रीळ फिरवत आमिष सावकाश वर आणा, अर्ध्या पाण्यापर्यंत, परत सोडा. ट्राउट मागे लागला तर थांबायचं नाही. थांबलात की त्याचा रस जातो. पळणारा मासा थांबत नसतो, वेग वाढवतो. रीळ जोरात फिरवा, अगदी बर्फाजवळ आला तरी फिरवत राहा. घेतो तेव्हा काठी एकदम भोकाच्या कडेला वाकते आणि रीळ कुरकुरत दोरी सोडायला लागतं. म्हणून ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना रीळ जो अडथळा करतं तो, आधीच सैल ठेवलेला हवा. कडक ड्रॅग आणि 8 पौंडी दोरी, तुटणार म्हणजे तुटणारच.

व्हाइटफिश त्याच खोल पाण्यात, पण तळाला चिकटून. तोंड लहान आणि खालच्या बाजूला वळलेलं, ओठ पातळ. छोटा जड चमचा घ्या, हवं तर त्याच्या फूटभर वर दोरीला एक बारीक पिसांचा गळ. चमच्याने तळ ठोकून ढग उठवायचा आणि मग दोन बोटं वर एकदम स्थिर धरायचं. थांबा लांब, दहा-पंधरा सेकंद. लागल्यावर हिसका नको, ओठ फाटतो. काठी उचलून फक्त ताण ठेवा.

पाइकसाठी फार लिहित नाही. दातांनी दोरी कापतो म्हणून तारेचा वीतभर तुकडा लागतोच, उथळ पाण्यातल्या वनस्पतींच्या कडेला मोठा चमचा चालतो, गळ काढायला लांब पक्कड हवी आणि बोटं तोंडात घालायची नाहीत. क्रॅपी मधल्या पाण्यात तरंगतो आणि वर बघून खातो, आमिष नेहमी त्याच्या डोक्याच्या वर ठेवा, खाली गेलं की संपलं.

बरबट कोणी मुद्दाम धरायला जात नाही, त्यामुळे तो मला जास्तच आवडतो. कॉड घराण्यातला हा एकटाच गोड्या पाण्यातला मासा, अंधार पडल्यावर तळाशी फिरणारा, आणि भर हिवाळ्यात बर्फाखाली अंडी घालणारा. चकाकणारा जड चमचा, त्यावर माशाचा तुकडा आणि दणादण तळ ठोकणं. वर काढला की शेपूट तुमच्या मनगटाला गुंडाळतो. घाबरू नका, चावत नाही. मांस गोडसर आणि घट्ट असतं.

रंग आणि यंत्र

पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, निळा-हिरवा खोलवर टिकतो. बर्फावर हिमाचा थर असला की खाली आणखी अंधार. ऊन आणि स्वच्छ पाणी असेल तर चांदी आणि खरे वाटणारे रंग, ढगाळ किंवा गढूळ असेल तर सोनेरी आणि भडक, रात्री किंवा फार खोल असेल तर चकाकणारा रंग, जो मोबाइलच्या टॉर्चवर अर्धा मिनिट धरून चार्ज करायचा. रंगाची काळजी याहून जास्त करू नये. आकार चुकला तर रंग काही वाचवत नाही.

फ्लॅशर म्हणजे आवाजाच्या लहरींवर चालणारं यंत्र. तळ, तुमचं आमिष आणि मासा, तिघांच्या रेषा एका गोल तबकडीवर दिसतात. बहुतेक यंत्रांत हिरवी रेषा अंधूक, केशरी त्याहून जवळची आणि लाल अगदी भोकाच्या सरळ खालची. आमिषाच्या रेषेकडे दुसरी रेषा चढताना दिसली की हात आपोआप शहाणा होतो. महाग आहे, पहिल्या वर्षी मित्राचं बघा. पण पुढे पैसे घालायचे तर आमिषांत न घालता यात घाला.

मासा वर आल्यावर

दोरी भोकाच्या धारदार कडेला घासू देऊ नका, काठीचं टोक भोकाच्या मधोमध ठेवा. मासा डोकं वर काढेल तेव्हाच ओढा, आडवा असताना ओढाल तर कडेला आपटून सुटेल. सोडायचा असेल तर बर्फावर ठेवायचा नाही, उणे 15 मध्ये डोळे आणि कल्ले गोठतात. ओल्या हाताने धरून लगेच परत. खोलातून आलेल्या पर्च आणि वॉलआयच्या पोटातली हवा फुगते आणि ती त्यांना चटकन सोडता येत नाही, म्हणून तीस फुटांखालचे हे मासे फक्त खायचे असतील तेवढेच धरा. लेक ट्राउटला ढेकर देऊन हवा सोडता येते, तो त्यातल्या त्यात सुखरूप परत जातो.

घरी ज्यांच्याकडे सोवळं आहे त्यांनी सोडून द्यावेत आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी विचार करावा. ज्यांच्या घरी पावसाळ्यात भरूचचा पाला (हिल्सा मासा) येतो त्यांना पर्च आवडेलच. हळद, मीठ, तिखट लावून रव्यात तळला की बस. मोठ्या वॉलआय आणि लेक ट्राउटमध्ये पारा जास्त असू शकतो. कोणत्या तळ्यातला किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, याची मार्गदर्शिका ऑन्टॅरियो सरकार काढतं, ती बघून ठरवा.

पहिली खरेदी

1/8 औंसाचा एक चंदेरी आणि एक सोनेरी चमचा, 1/4 औंसाचा एक चकाकणारा चमचा, जिगिंग रॅप 5 नंबरचं एक, पांढऱ्या ट्यूबचं एक पाकीट आणि त्याला वजन असलेले दोन गळ, टंगस्टनचे दोन-तीन जिग. खोली मोजायचं वजन, स्विव्हल, पक्कड. बस. मार्चमध्ये दुकानं हिवाळी माल उतरवून विकतात, बाकीची हौस तेव्हा भागवा.

परत आल्यावर आमिषांची पेटी बंद करून कोपऱ्यात टाकू नका. उबदार खोलीत बर्फ वितळतो, पेटीत पाणी साचतं आणि पुढच्या शनिवारपर्यंत गळांना गंज चढतो. झाकण उघडं टाकून रात्रभर टॉवेलवर पसरा, सकाळी प्रत्येक गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा. टोक नखात रुतलं तर ठीक, घसरलं तर कानशीने दोन हात मारा किंवा गळ बदला.